भाग क्रमांक चार

गेंट शहराच्या महापालिकेत, तिसऱ्या मजल्यावर,
खोदेलीव फेरमाउटच्या टेबलावर
एक मेलेला कोट पडला आहे.
नारिंगी. छातीवर चांदीरंगी पट्टा.
बाह्या शाबूत, अस्तर शाबूत, खिसे तर कोरे करकरीत;
फक्त चेन गेलेली, खालून सातव्या दाताशी.

सहाशे बारा सफाई कामगार.
दर दोन वर्षांनी सहाशे बारा कोट.
फाईल जाडजूड, आणि फाईलभर न्याय एकच :
ज्याचा दर कमी, त्याच्या गळ्यात माळ.
सतरा वर्षं तिनंही माळा घातल्या,
नवरदेवाचं तोंड न बघता.

या खेपेला ती पहाटे पाचला गेली
कालव्याकाठच्या डेपोत, कोरी वही घेऊन.
म्हणाली, तुम्हाला काय हवं?
कोणी बोलेना. असा प्रश्न
वरच्या मजल्यावरून पहिल्यांदाच खाली आलेला.
काहींना वाटलं, कपात असणार.
शेवटी गोमारनं झाडू भिंतीला टेकवला :
“कोट नको, बाई.
ऊब हवी. कोरडी पाठ हवी.
अख्खा जानेवारी मी सेफ्टी पिनांवर काढलाय.”
तिनं लिहून घेतलं, ‘सेफ्टी पिना’,
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आपल्या भाषेत निविदा आणि वेदना
एकाच धातूतून निघतात.
खोदेलीवला मराठी येत नाही.
तिला ठाऊक तो धातू दुसरा :
हलका, मिश्र, सातव्या दाताशी वाकणारा.

मग तिनं मसुदा लिहिला :
पालिका कोट विकत घेणार नाही,
पालिका चार हिवाळे विकत घेईल.
‘किंमत’ या रकान्याशेजारी आणखी रकाने आले,
धुण्याला लागणारं पाणी,
कुठल्याशा दूरच्या देशात शिवणाऱ्या बाईची मजुरी,
कोट मेल्यावर त्याला नेणार कुठे.
विधी विभागाच्या ऑस्वाल्डनं चष्मा पुसला. दोनदा.
“उद्या कोणी कोर्टात गेलं तर?”
“थंडी आहे. कोट घालून जाऊ.”

कामाचे तिनं चार भाग केले.
कापड. शिलाई. धुलाई.
आणि चौथा, सगळ्यात किरकोळ : दुरुस्ती.
वार्षिक उलाढाल दहा लाख युरो ही अट
सगळ्या भागांना सरसकट चिकटलेली असते, गोचिडीसारखी.
चौथ्याची तिनं उपटून काढली.

रेल्वेपुलाखाली नेवबहार अक्सोयचं दुकान,
तीन मशिनी, एक इस्त्री, खिडकीत जिरेनियम.
बाप इमिरदागहून इथल्या सूतगिरणीत आला;
गिरणी मिटली, पोरीनं सुई उचलली.
पालिकेचं पाकीट म्हणजे दंड, एवढंच तिला माहीत.
अडतीस पानांचा अर्ज भाचीनं मोठ्यानं वाचला,
बाविसाव्या पानावर दोघींनी चहा केला,
एकतिसाव्यावर नाद सोडला,
रात्री पुन्हा धरला.

मंगळवार, सकाळी अकरा. लिफाफे उघडले.
पहिल्या भागाला नऊ. दुसऱ्याला सहा.
तिसऱ्याला दोन.
चौथ्याला एक.

“एकच?” ऑस्वाल्ड म्हणाला.
“नियमात बसतं. पण दिसायला बरं दिसत नाही.”
खोदेलीवनं आकडे पुन्हा मांडले, पेन्सिलीनं,
कारण पेन्सिलीला खोडण्याची लाज नसते.
बचत झाली तर ती शहराची,
चूक निघाली तर खोदेलीवची;
हा हिशेब कुठल्याच रकान्यात नव्हता.
तिनं सही केली. सही जरा वाकडी आली.

फेब्रुवारी. डेपोत दिवे पिवळे, तोंडांतून वाफ.
गोमारचा कोट दुरुस्तीहून परतलाय.
नारिंगी चेन संपली होती,
नेवबहारनं निळी लावली.
करारात रंगाची अट आहे, पान चौदा.
खोदेलीवनं निळी चेन पाहिली,
आणि पान चौदा आठवेनासं केलं.

गोमारनं चिमूट खाली धरली, वर ओढली.
पाचवा, सहावा, सातवा.
सर्रर्र, थेट हनुवटीपर्यंत.
मग त्यानं झाडू उचलला.